हिरीबाईचं मागचं दार

कामावर लागायच्या दिवशी हिरीबाईनं पगार विचारला नाही. काम काय आहे, तेही विचारलं नाही. शेडच्या मधोमध उभी राहून तिनं चहूकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "भाऊ, याले मांगून दार हाये काय?"

आहे म्हटल्यावर ती स्वतः जाऊन ते दार उघडून आली. बाहेर कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा ढीग होता, तो कुठवर आहे ते पाहिलं. कडी दोनदा काढली, दोनदा घातली. मग म्हणाली, "मंग राह्यते मी."

हा प्रश्न तिनं का विचारला ते मला आठ दिवसांनी कळलं. तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या दारापाशीच येऊन अडतं. हिरीबाई मानोऱ्याकडच्या एका बंजारा तांड्यातली. वय तिशीच्या आतबाहेर. नवऱ्याचं नाव लखीराम. त्यांच्या तांड्यात अशी रीत होती की बाप्या माणसानं घरात शिरायच्या आधी उंबऱ्यावर काठी तीनदा ठोकायची, म्हणजे आतल्या बायकांना डोक्यावरून पदर घ्यायला सवड मिळते. रीत चांगलीच आहे. लखीरामही ठोकायचा. फक्त त्याचे तीन ठोके झाले की तीच काठी हिरीबाईच्या अंगावर पडायची. प्यालेला असो नसो, कारण असो नसो. तांड्याच्या नाईकानं त्याला दोनदा चारचौघांत उभं करून झापलं. त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं आणि घरी येऊन काठी ठोकली.

त्या काठीच्या बुडाला लोखंडी कडं होतं. त्याचा आवाज हिरीबाई शंभर आवाजांत ओळखायची. ठोके पडले की मनात पाच मोजून होईपर्यंत तिला मागच्या कुडाच्या फटीतून बाहेर पडायचं असे. पाचाच्या आत सुटली तर सुटली. चार वर्षांपूर्वी लखीराम ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेला. टोळी परत आली, तो आला नाही. कोणी म्हणे मेला, कोणी म्हणे तिकडंच घर केलं. हिरीबाईचा दोन्हींवर विश्वास नव्हता. "तो एक दिस येईन," ती म्हणायची. "आला का मले पळाले पायजे, बस." तांड्यात एकटीच्या झोपडीत तो येण्याची वाट बघत बसण्यापेक्षा ती पायी चालत अकोल्याकडच्या मालेगावला आली आणि दोन दारांची जागा शोधत आमच्यापर्यंत पोचली.

आमच्यापर्यंत म्हणजे डॉक्टर रोहणकरांच्या प्रयोगशाळेपर्यंत. ही एकोणीसशे पंचावन्नची दिवाळी. डॉक्टर परदेशात शिकून आलेले. नागपुरात कॉलेजात शिकवायचे, पण तिथं कोणाशी त्यांचं पटलं नाही. मालेगावात वडिलांची कापसाची जिनिंग बंद पडली होती. तिच्या शेडमध्ये त्यांनी दीडशे पांढरे उंदीर आणून ठेवले आणि म्हणाले, इथं मला कोणी विचारणारं नाही. ते खरंच होतं. भिंतींना अजून सरकीचा वास येत होता, त्यात उंदरांच्या मुताचा मिसळला. मी सोनटक्के, बत्तीस वर्षांचा, दवाखान्यातला कंपौंडर. मला सुई टोचता यायची आणि अक्षर बरं होतं, म्हणून त्यांनी मला उचललं. गावातले लोक मला उंदीरमास्तर म्हणायचे. मी रागवायचो, पण मनातून खूश असायचो. आपण काहीतरी मोठं करून राहिलो आहोत अशी माझी समजूत होती.

डॉक्टरांनी सुताराकडून एक पेटी करवून घेतली होती. मधोमध वीतभर उंचीची फळी, दोन्ही बाजूंना तळाशी पितळी तारा. एका बाजूला उंदीर सोडायचा, घुंगरांचा झुबका हलवायचा, पाच सेकंद थांबायचं आणि तारांत करंट सोडायचा. गावात वीज नव्हती. ट्रकच्या बॅटऱ्या होत्या, त्या भरून आणायला मोटारीनं अकोल्याला पाठवाव्या लागत. करंट लागला की उंदीर चित्कारायचा, पेटीभर आपटायचा आणि कधीतरी फळीपलीकडे जाऊन पडायचा. तिथं करंट नसे. दहाबारा वेळा भाजून निघाला की तो शहाणा होई. घुंगरं वाजली की पाच सेकंदांच्या आत फळीवरून उडी. याला डॉक्टर 'शिकवण' म्हणायचे. खरं काम त्यानंतर सुरू व्हायचं. करंट बंद करायचा आणि रोज नुसती घुंगरं वाजवायची. आता या आवाजामागून काही येत नाही, हे उंदराला कळायला किती दिवस लागतात ते मोजायचं. याला त्यांनी शब्द काढला होता 'विझवण'.

शिकवणीच्या दिवसांत मी अर्ध्या उंदरांना सुई टोचायचो. मेंदूच्या बुडाशी एक छोटीशी गाठ असते. जीव संकटात सापडला की ती रक्तात एक रस सोडते, तो रस मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथींना जागं करतो, आणि सगळं अंग पळायला नाहीतर लढायला तयार होतं. जनावरांच्या गाठींतून काढलेला तो रस काचेच्या कुप्यांत भरून मुंबईहून यायचा, आणि आम्ही त्या कुप्या ओल्या वाळूत पुरलेल्या माठात ठेवायचो. उरलेल्या अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. शिकायला दोन्हीकडचे उंदीर सारखाच वेळ घ्यायचे. फरक पडायचा विझताना. पाणीवाले सहासात दिवसांत थंड व्हायचे. घुंगरं वाजली तरी मिशा हलवत बसून राहायचे. रसवाले वीसवीस दिवस उड्या मारत राहायचे. डॉक्टर म्हणायचे, "सोनटक्के, भीती शिकवायला औषध लागत नाही. टिकवायला लागतं." उंदरांच्या पायांचे तळवे सोललेले असायचे. ते दिसले की मी दुसरीकडे बघायचो. दुसरीकडे बघायची सवय मला तिथंच लागली.

हिरीबाईचं काम पिंजरे झाडायचं आणि ज्वारीच्या पिठाचे गोळे करून उंदरांना घालायचं. शेडला लागून एक खोली होती, तिथं ती राहायची. एकदा तिनं पेटीचं काम उभ्यानं पाहिलं. मग एवढंच म्हणाली, "याह्यले मांगून दार बी नाई ना भाऊ." डॉक्टरांना ते वाक्य फार आवडलं. पाहुण्यांना सांगायचे.

पहिला महिना जातो न जातो तोच आमचे आकडे बिघडले. पाणीवाले उंदीर दोनच दिवसांत विझायला लागले, आणि रसवाले पेटीत घालायच्या आधीच पिंजऱ्यांच्या जाळीवर नाकं आपटून रक्तबंबाळ होऊ लागले. डॉक्टरांनी आधी मला धुतला. मी पाणी आणि रस यांची अदलाबदल केली असणार, असं त्यांचं म्हणणं. मला ते इतकं लागलं की दोन दिवस मी पिंजऱ्यांसमोर नुसता बसून राहिलो, आणि कारण माझ्याच लक्षात आलं. तांड्यातल्या सवाष्णीच्या केसांत दोन्ही कानशिलांवर टोपली असते, चांदीची वाटीसारखी, आणि तिला खाली बारीक घुंगरं लोंबतात, ती घुगरी. हिरीबाईनं मान हलवली की घुगरी वाजायची. आमच्या पेटीची घुंगरं आणि हिरीबाईची घुंगरं, दोन्ही मालेगावच्या युसूफ ओताऱ्यानं एकाच साच्यातून ओतलेली. म्हणजे आम्ही शास्त्र करत होतो सकाळी तासभर, आणि ही बाई दिवसभर पीठ घालता घालता त्याच उंदरांना शिकवत होती की या आवाजात काही दम नाही.

"उतरवायला सांग, नाहीतर कामावरून काढून टाक," डॉक्टर म्हणाले.

मी सांगितलं. ती हातातलं पीठ तसंच धरून माझ्याकडे बघत राहिली. "भाऊ, टोपली नवरा मेल्यावर उतरवतेत."

"उतरव म्हंजे काय कायमची?" मी म्हटलं. "सकाळी आत येताना काढाची, सांजेले जाताना घालाची. इथं कोन पाहून राह्यलं?"

"तो मेला नाई भाऊ."

"मेला नाई तं मेला नाई. टोपली उतरवल्यानं मरते थोडाच?"

या बोलण्यावर मी तेव्हा खूश होतो. तिला दुसरी जागा नव्हती हे मला ठाऊक होतं. तिच्या समोर मागचं दार होतं आणि तिला ते सोडवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्याकडे पाठ करून केसांतून टोपली सोडवली आणि पुढच्या दाराशेजारच्या देवळीत फडक्यावर ठेवली. कानशिलांवर केसांच्या दोन मोकळ्या बटा लोंबत होत्या. दिवसभर ती हात वर नेऊन त्या चाचपत होती.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका सकाळी मी डॉक्टरांची काठी घेऊन बाहेर गेलो होतो. येताना काठीला चिखल लागला म्हणून ती उंबऱ्यावर तीनदा आपटली. आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. बघतो तर पिठाची परात उपडी, हिरीबाई मधे रचलेल्या ज्वारीच्या पोत्यांवरून पलीकडे गेलेली आणि मागचं दार सताड उघडं. पऱ्हाट्यांच्या ढिगामागून तिला हाका मारून आणावं लागलं. हातांना कोपरापर्यंत पीठ, छाती धपापत होती. मी हसलो. अगदी पोट धरून हसलो, आणि तिथंच थांबलो नाही, जेवताना डॉक्टरांना ती गंमत सांगितली.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांचा घास हातातच राहिला. "चार वर्षं मार नाही," ते म्हणाले, "आणि तरी उडी." मग त्यांनी वही मागवली, उंदरांच्या रकान्यांशेजारी एक रेघ ओढली आणि वर लिहिलं 'ह'. "रोज एकदा. वेळ बदलून. तीन ठोके, पुढं काही नाही. ती काय करते आणि किती सेकंदांत, ते लिहायचं. तिला सांगायचं नाही." कधी मी ठोकायचं, कधी ते ठोकणार होते, म्हणजे माणूस पाहून तिची भीती गेली असं व्हायला नको. सेकंद मोजायला त्यांनी स्वतःचं मनगटी घड्याळ काढून मला दिलं.

मी नाही म्हटलं नाही. इथं एक शब्द बोलायची जागा होती आणि मी घड्याळाचा पट्टा लावून पाहत होतो.

आठवड्यात तिचं धावणं कमी झालं. डॉक्टरांना ते पटेना. "ही साधी काठी आहे. त्याच्या काठीचा आवाज वेगळा असेल. विझवायचं तर तोच आवाज विझवला पाहिजे." लखीरामची काठी कशी होती ते काढून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मी हिरीबाईजवळ बसलो, तिच्या आईबापाची चौकशी केली, तांड्याची केली, हळूच काठीवर आलो. कडं किती रुंद, कुठं ठोकलेलं, काठी बांबूची की बाभळीची, सगळं तिनं सांगितलं. चार वर्षांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं. सांगता सांगता रडली. मी तिला पाणी दिलं आणि त्याच दुपारी युसूफकडून तसलंच कडं काठीला बसवून आणलं.

कड्याच्या पहिल्या ठोक्याला ती पोत्यांवरून गेली नाही, पोत्यांत अडकून पडली, उठली, आणि दाराची कडी काढताना तिची दोन नखं उलटली. वेळ चार सेकंद. मी लिहिलं.

दहाव्या दिवशी तिनं मला धरलं. "भाऊ, तुमी रोज काठी काहून ठोकून राह्यले?"

सांगायचं नाही असा हुकूम होता. माझी जीभ मोठी तयार. "तुह्यी भीती जावी म्हनून," मी म्हटलं. "रोज आइकशीन तं एक दिस जाईन."

मग डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "माह्या मायच्या पोटचा भाऊ असता तं त्यानं बी येवढं नसतं केलं." त्या दिवसापासून ती माझ्या भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा आणून ठेवायला लागली. आणि ठोके पडले की जिवाच्या करारानं जागच्या जागी उभं राहायचा प्रयत्न करायची. पोतं दोन्ही हातांनी घट्ट धरायची, ओठ चावायची, तरी पाय निघायचे. कधी दारापर्यंत, कधी अर्ध्यावर. परत येऊन म्हणायची, "उद्या नाई जानार." ती स्वतः जोर लावते आहे हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. आकडे छान येत होते.

मधे एकदा डॉक्टर माठातून कुपी काढून घेऊन आले. रस टोचलेल्या माणसाची भीती किती दिवस टिकते ते पाहायचं त्यांच्या मनात आलं होतं. ताकदीची सुई आहे म्हणून सांगायचं, तिला काय कळतंय. त्या एका दिवशी मी नाही म्हटलं. उंदीर वेगळा, बाईमाणूस वेगळं, मी सुई धरणार नाही, असं तोंडावर बोललो. डॉक्टर चिडले, चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण कुपी परत वाळूत गेली. कितीतरी वर्षं माझ्या हातून झालेलं एकच चांगलं काम म्हणून मी ते मनाशी जपून ठेवलं होतं.

कड्याच्या काठीच्या एकेचाळिसाव्या दिवशी मी तीन ठोके टाकले आणि हिरीबाईनं मान वर केली नाही. गोळे करत राहिली. पाच झाले, दहा झाले. मग ती माझ्याकडे बघून हसली. तिचे दात इतके पांढरे आहेत हे मी तोवर पाहिलं नव्हतं. "गेलं भाऊ," म्हणाली, "पोटातून गेलं." मला भरून आलं. खोटं नाही सांगत, वहीत 'उडी नाही' लिहिताना माझे डोळे ओले होते. माणूस एकाच वेळी किती हलकट आणि किती हळवा असू शकतो, ते मी स्वतःवरून सांगतो. बेचाळिसाव्या दिवशी डॉक्टरांनी ठोकले. तेव्हाही ती हलली नाही.

त्रेचाळिसावा दिवस होळीच्या आधीचा. सकाळचे नऊ वाजले असतील. मी पिंजऱ्यांच्या रांगेमागे टेबलाशी बसलो होतो, तिथून पुढचं दार दिसत नाही. हिरीबाई मधे पोत्यांपाशी, दाराकडे पाठ करून पीठ मळत होती. डॉक्टर आज मी ठोकीन म्हणाले होते. उंबऱ्यावर तीन ठोके पडले. तेच लाकूड, तेच कडं. मी घड्याळ बघितलं.

हिरीबाईनं मागं वळून पाहिलं नाही. "ठोका सायेब, ठोका," ती म्हणाली. "आता नाई भेत मी."

मी मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. वहीत लिहिलं: त्रेचाळिसावा दिवस, उडी नाही. लिहून होतंय तोच काठी हाडावर पडल्याचा आवाज झाला. तो आवाज कशासारखा होता ते मी सांगणार नाही.

रांगेतून बाहेर आलो तेव्हा ती खाली होती. समोर उंच, वाळलेला, दाढी वाढलेला माणूस, एका हातात काठी, दुसऱ्या हाताच्या मुठीत तिची टोपली. तांड्यात विचारून तो माग काढत आला होता, आणि दारातून आत येताना देवळीत त्याला आधी ती टोपलीच दिसली होती. "मी जित्ता हाये," तो म्हणत होता, "मी जित्ता हाये न तुनं टोपली उतरवली." हे तो मोठ्यानं बोलत नव्हता. दर वाक्याला काठी खाली येत होती, कमरेवर, मांडीवर, गुडघ्यावर. त्यानं टोपली जमिनीवर आपटली, घुगऱ्या वाजल्या, आणि पिंजऱ्यांतले रसवाले उंदीर सगळे एकदम जाळीवर आदळायला लागले. मागचं दार तिच्यापासून आठ पावलांवर होतं. कडी मी सकाळी स्वतःच काढून ठेवली होती. ती त्या दाराकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

मी त्याचा हात धरायला गेलो तेव्हा त्याचं झालेलं होतं. एखादं काम उरकल्यासारखा तो पोत्यावर बसला आणि पाणी मागितलं. मी दिलं. हो, मीच दिलं.

डॉक्टर दहा मिनिटांनी आले. त्यांनी तिचा पाय पाहिला, मांडीचं हाड दोन जागी मोडलं होतं आणि गुडघा चुरला होता. फळ्या बांधल्या. पोलिसात जाऊ या म्हटल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, पोलीस आले की पेटी, औषधं, वही, सगळं उघडं होईल. जिनिंगची तुळई पडली म्हणून सांगायचं. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "उडी मारली होती?"

"नाही."

"अजिबात?"

"नाही."

त्यांनी वही घेतली आणि मी लिहिलेल्या ओळीखाली रेघ ओढली. दुपारी लखीरामनं एक बैलगाडी आणली, खाली कडबा टाकला आणि तिला मानोऱ्याकडे घेऊन गेला. कायद्यानं आणि रीतीनं ती त्याची बायको होती, आणि नाही असं कोणी म्हटलंही नाही. मोडकी टोपली त्यानं तिच्या उशाशी ठेवली होती.

त्या सुईचा विचार मी पुष्कळ नंतर केला. त्या दिवशी मी सुई धरली असती, तर डॉक्टरांच्या हिशेबानं तिची भीती टिकली असती. त्रेचाळिसाव्या दिवशी ती चार सेकंदांत पऱ्हाट्यांपलीकडे असती. म्हणजे माझ्या हातून झालेलं एकच चांगलं काम, तेही तिच्या मुळावर आलं. प्रयोगशाळा पुढच्या वर्षी बंद झाली. उंदरांचं काय करायचं ते डॉक्टरांनी मला सांगितलं आणि मी केलं. ते नागपूरला परत गेले. 'ह'चा रकाना त्यांनी कुठं छापला नाही, घड्याळ मात्र परत मागितलं नाही. मी पुन्हा दवाखान्यात पुड्या बांधायला लागलो.

अठ्ठावन्न साली मानोऱ्याला देवीच्या लशीच्या कामासाठी गेलो, तेव्हा धीर करून तांड्यावर गेलो. विचारत विचारत झोपडी सापडली. हिरीबाई दारात जमिनीवर बसली होती, एक पाय काडीसारखा वाळून दुमडलेला. केसांत टोपली होती, एका बाजूची घुगरी नव्हती. मला वाटलं होतं शिव्या देईल. त्या मी वाटेत मोजून ठेवल्या होत्या.

"भाऊ," ती म्हणाली. "मले ठाव होतं तुमी येसान."

तिनं शेजारणीला हाक मारून मला दाखवलं. हाच तो मालेगावचा भाऊ, म्हणाली, ज्यानं रोज ठोकून ठोकून माझं भ्याव काढलं होतं. सगळ्या तांड्याला तिनं हे सांगून ठेवलं होतं. शेजारीण माझ्या पाया पडायला वाकली. मी मागं सरलो.

लखीराम ढोरं घेऊन रानात गेला होता. तो आता फारसं मारत नाही, हिरीबाईनं सांगितलं. पण ठोकतो. येता ठोकतो, जाता ठोकतो, ती खुरडत खुरडत कुडाकडे सरकायला लागली की बसून बघतो. "पाच होऊन जातेत भाऊ, मी कुडापर्यंत पोचतच नाई," ती म्हणाली. "भ्याव परत भरलं. पह्यल्यापेक्षा जास्त भरलं. झोपेत बी आइकू येते."

मी त्या वेळी सांगायला हवं होतं. वही, रकाना, 'ह', सगळं. सांगायला पाच सेकंदसुद्धा लागले नसते. मी दुसरीकडे बघितलं.

"तुमाले येते ते," ती म्हणाली. "एकवार काढलं होतं तुमी. आता अजून काढा. रोज नाई जमलं तं बाजाराच्या दिशी येत जा." तिनं कुडाशी टेकवलेली लखीरामची दुसरी काठी दाखवली. तिलाही कडं होतं. मग दोन्ही हात जमिनीवर घट्ट रोवून, डोळे मिटून, ती तयार होऊन बसली. "ठोका, भाऊ."

मी काठी हातात घेतली, आणि माझे डोळे आपोआप मनगटावरच्या घड्याळाकडे गेले.